कल्याणची खरोलिका आणि आजचा मुद्रित तास

ज्या प्रकाराचें परीक्षण करण्याचें आम्हीं योजिलें आहे, त्यास अद्यापि धड नांवहि मिळालेलें नाहीं. विद्यार्थी त्यास 'व्हिडिओ लेक्चर' म्हणतात. प्राध्यापकमंडळी 'पीपीटी रेकॉर्ड करून टाकली' असें म्हणतात. सरकारी कागदांत त्याचा समावेश 'ई-साहित्य' ह्या ऐसपैस शब्दांत होतो. शिक्षकानें आपल्या विषयाच्या स्लाइड्स तयार कराव्या, त्या एकामागून एक पडद्यावर आणीत आपल्या आवाजांत त्यांचें विवरण मुद्रित करावें, आणि विद्यार्थ्यानें तें आपल्या सवडीनें, शिक्षक समोर नसतां, पाहावें व ऐकावें, असा हा प्रकार आहे. ह्या लेखापुरतें आम्ही त्यास 'मुद्रित तास' म्हणूं. 'मुद्रित' ह्या शब्दानें छापील पुस्तकाची आठवण होते, आणि ती आठवण पुढें उपयोगीं पडणार आहे.

वाङ्मयाच्या मासिकांत असल्या विषयाचें काय काम, असें कांहीं वाचक विचारतील. आमचें म्हणणें इतकेंच कीं, ज्या गद्याच्या श्रवणांत आमच्या घरांतील मुलांचे तासचे तास जातात, त्याची भाषा, रचना आणि सूर तपासणें हें टीकाकाराच्या कामाबाहेरचें नाहीं. कादंबऱ्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. शिवाय ठाणें, कल्याण व डोंबिवली हीं श्रोत्यांचीं गांवें आहेत. कल्याणचें सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचें, ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचें. डोंबिवलीनें २०१७ सालीं अखिल भारतीय साहित्य संमेलनाचा मांडव घातला. व्याख्यान कसें असावें ह्याची जाण येथील सामान्य गृहस्थासहि असते, आणि वक्ता कागद वाचूं लागला कीं मागच्या खुर्च्या हळूहळू रिकाम्या होतात, हें येथें सर्वांनीं पाहिलेलें आहे. मुद्रित तासाची अडचण अशी कीं, त्यांत मागच्या खुर्च्या वक्त्यास दिसत नाहींत.

हा प्रकार आमच्याकडे एकाएकीं घरोघर शिरला तो २०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदी आली तेव्हां. त्यापूर्वीं तो नव्हता असें नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाचा 'कंट्रीवाइड क्लासरूम' हा कार्यक्रम १९८४ पासून दूरदर्शनवर दिसत असे. पुण्याची बालचित्रवाणी त्याच वर्षीं निघाली व २०१७ सालीं बंद पडली. त्याच २०१७ सालीं केंद्र सरकारचें 'स्वयम्' हें व्यासपीठ सुरू झालें. परंतु हीं सर्व कामें चित्रणगृहांत होत. तेथें संहिता लिहिणारा निराळा, दिवे लावणारा निराळा, चुकलें तर पुन्हा घ्या म्हणणारा निराळा. २०२० सालीं मात्र लोकल गाड्यांचीं दारें सामान्य प्रवाशांस कित्येक महिने बंद राहिलीं, आणि डोंबिवलींतल्या दोन खोल्यांच्या घरांत जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून, पंखा बंद करून, शेजारच्या कुकरच्या शिट्या संपण्याची वाट पाहत, एकट्या शिक्षकास हीं सर्व कामें करावीं लागलीं. त्या दिवसांतल्या तासांचे दोष मोजीत बसणें निर्दयपणाचें होईल, आणि आम्ही तें करणार नाहीं. आमचा विषय त्यानंतरचा आहे. संकट ओसरलें तरी हा प्रकार गेला नाहीं; विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमानुसार एका सत्रांतील ४० टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयम्'वरून पुरे करण्याची मुभा संस्थांनीं द्यावी असें ठरलें, आणि महाविद्यालयांतून तर साध्या तासांच्या जोडीस मुद्रित तासांचा सांठा वाढतच गेला. जें टिकून राहणार त्याचें परीक्षण व्हावयास हवें.

गंमत अशी कीं, चित्र दाखवावें आणि त्याबरोबर बोलावें ही कला कल्याणास नवी नाहीं. महादेव गोपाळ पटवर्धन हे कल्याणचे गृहस्थ. त्यांनीं आणि त्यांच्या विनायक व रामचंद्र ह्या मुलांनीं सुमारें १८९२ पासून १९१८ पर्यंत 'शांबरिक खरोलिका' ह्या नांवानें मॅजिक लँटर्नचे खेळ केले. शंबर हा मायावी असुर, म्हणून शांबरिक म्हणजे मायेची. खरोलिका म्हणजे कंदील. परक्या वस्तूस इतकें घरंदाज नांव देणारी माणसें पुढें आमच्यांत फारशीं निपजलीं नाहींत, आणि म्हणूनच आज आमच्यावर 'पीपीटी' म्हणण्याची पाळी आली आहे. कांचेवर हातानें रंगविलेलीं चित्रें, मागें दिवा, पुढें भिंग, समोर पांढरा पडदा, एवढीच सामग्री. पण एका कांचेवर दुसरी सरकवून ते चित्रांत हालचाल भासवीत, आणि पुराणांतल्या कथा व सर्कशीचे देखावे निवेदनाच्या साथीनें रंगवीत. मुंबईंत ल्युमिएर बंधूंचीं हलतीं चित्रें १८९६ च्या जुलैंत आलीं. त्यापूर्वींच कल्याणकरांनीं ही माया पाहिली होती. आज संगणकावरच्या चौकटीस जगभर 'स्लाइड' म्हणतात तें ह्याच कांचेवरून. कंदिलाच्या खांचेंत ती सरकवीत, म्हणून ती स्लाइड.

तेव्हां आजचा मुद्रित तास हा खरोलिकेचा दूरचा वंशज होय. दुसरें एक घराणें कोंकणांत आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर समाजाचे चित्रकथी पोथींतलें एकेक चित्र समोर धरून रामायण-महाभारतांतल्या कथा गाऊन सांगतात. ती परंपरा जतन करणाऱ्या परशुराम गंगावणे यांस २०२१ सालीं पद्मश्री मिळाली. ह्या दोन्ही घराण्यांत एक नियम कोणीं न सांगतां पाळला गेला. कथा चित्रावर लिहिलेली नसते; ती सांगणाऱ्याच्या तोंडीं असते. चित्र जें दाखवूं शकतें तें त्यानें दाखवावें, आणि जें दाखवूं शकत नाहीं तें आवाजानें पुरवावें. दोघांपैकीं एकास काढून घेतलें तर दुसरें अपुरें पडावें, अशी ती वांटणी आहे.

वंशजाकडे वळलें कीं नेमकें हेंच हरवलेलें आढळतें. गेल्या कांहीं महिन्यांत ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या विद्यार्थ्यांच्या हातांत फिरणारे पुष्कळ मुद्रित तास आम्हीं ऐकले. बहुतेकांत स्लाइड म्हणजे पाठ्यपुस्तकाचा तुकडा असतो. पडद्यावर बारीक अक्षरांच्या दहा ओळी उभ्या राहतात आणि शिक्षक त्याच दहा ओळी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचून दाखवितात. ओळी संपल्या कीं पुढची स्लाइड येते. येथें आवाज चित्राची साथ करीत नाहीं, कारण चित्रच नाहीं. आणि तो अर्थाचीहि साथ करीत नाहीं, कारण अर्थ सांगण्यासाठीं कोणी थांबलेलें नाहीं. ऐकणाऱ्याचे डोळे वाचण्यांत पुढें धांवतात, कान मागें राहतात, आणि एकच मजकूर दोन वेगांनीं डोक्यांत शिरूं पाहतो. सांता बार्बारा येथील मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनीं ह्या विषयावर पुष्कळ प्रयोग केले व २००१ सालीं त्यांवर ग्रंथ लिहिला. चित्र आणि निवेदन एवढ्यावर शिकणारा विद्यार्थी, त्याच निवेदनाचीं अक्षरें जोडीस दिलेल्या विद्यार्थ्यापेक्षां सामान्यतः अधिक शिकतो, असें त्यांच्या प्रयोगांत दिसून आलें. परभाषेंत शिकणाऱ्यास मोजके शब्द पडद्यावर दिसणें उपकारक होतें, हा त्यास अपवाद. त्याकडे आम्ही पुढें येणारच आहों. मोजके शब्द, सगळा परिच्छेद नव्हे.

एक उदाहरण घेऊं. ह्या भागांतील कितीतरी मुलें वाणिज्य शाखेस जातात, म्हणून घसाऱ्याचाच विषय बरा. एका तासांत आम्हीं घसाऱ्याच्या तीन व्याख्या ऐकल्या. तिन्ही स्लाइडवर होत्या, तिन्ही वाचल्या गेल्या, आणि आंकडा मात्र नवव्या मिनिटास आला, तोहि सोडवून झालेला. दुसऱ्या एका तासांत व्याख्या नव्हतीच. प्रथम एक रिकामा तक्ता आला. शिक्षिका म्हणाल्या, एक लाख रुपयांचें यंत्र आहे, दरसाल दहा टक्के घसारा धरावयाचा आहे. मूळ किमतीवर धरला तर दरवर्षीं दहा हजार. तेवढा एक रकाना भरला. आतां उरलेल्या किमतीवर धरूं, असें म्हणून त्यांनीं पहिल्या वर्षाचे १०,००० लिहिले आणि सांगितलें, येथें व्हिडिओ थांबवा, दुसऱ्या वर्षाचा आंकडा वहींत काढा, मग पुढें या. पुढें गेलें कीं ९,००० दिसतात, मग ८,१००. दोन रकाने शेजारीं शेजारीं उभे राहतात. एक सरळ आहे आणि एक उतरत गेला आहे, हें डोळ्यांस आपोआप कळतें. मग त्या विचारतात, नवें यंत्र पहिल्या वर्षींच अधिक झिजतें कां? इतकें झाल्यावर व्याख्या येते, आणि ती वाचावी लागत नाहीं, कारण ती आतां ऐकणाऱ्याच्याच तोंडून निघते. सात मिनिटांचा तो तास होता. साधनें दोन्हीकडे तींच, विषय तोच. पहिल्यानें वर्गाची नक्कल केली. दुसरीनें वर्गांत जें करतां येत नाहीं तें केलें, म्हणजे प्रत्येक मुलास त्याच्या त्याच्या गतीनें विचार करावयास वेळ दिला. वर्गांत साठ मुलांपैकीं पहिल्या बांकावरचें मूल उत्तर देतें आणि बाकीच्यांचा विचार तेथेंच तुटतो.

असे तास विरळा कां? साधनाचें अज्ञान हें कारण आम्हांस पटत नाहीं. आमच्या मतें मूळ दोष पत्त्याचा आहे. पत्र कोणास लिहिलें आहे हें जसें मायन्यावरून कळतें, तसें तास कोणासाठीं मुद्रित केला हें सुरावरून कळतें. पुष्कळसे मुद्रित तास विद्यार्थ्यास उद्देशून बोललेलेच नाहींत. ते फाइलीस उद्देशून बोललेले आहेत. महाविद्यालयांच्या मूल्यांकनाच्या वेळीं शिक्षकांनीं केलेलें ई-साहित्य ही दाखविण्याजोगी बाब ठरते. अमुक विषय, अमुक घटक, अमुक मिनिटें अशी नोंद होते. ती नोंद तपासणारा मनुष्य तास ऐकत नाहीं. ऐकलाच तर पहिलें मिनिट ऐकतो. त्या एका मिनिटाची भीति संबंध तासावर पसरलेली दिसते. म्हणून प्रारंभीं महाविद्यालयाचें बोधचिन्ह, मग शिक्षकाच्या पदव्या, मग घटकाचें उद्दिष्ट, मग 'गुड मॉर्निंग स्टुडंट्स'. रात्रीं अकरा वाजतां ऐकणाऱ्या मुलास ही सकाळ कोणती, असा प्रश्न पडत असेल.

ह्या परक्या पत्त्याचा सर्वांत वाईट परिणाम भाषेवर झाला आहे. कल्याण, डोंबिवली, पलीकडे बदलापूर, टिटवाळा, शहापूर ह्या भागांतून येणारीं पुष्कळ मुलें मराठी शाळांतून शिकून इंग्रजी माध्यमाच्या पदवीवर्गांत शिरतात. प्रत्यक्ष वर्गांत चांगला शिक्षक काय करतो? इंग्रजी वाक्य सांगतो, मुलांच्या चेहऱ्याकडे पाहतो, आणि 'म्हणजे बघा' असें म्हणून तेंच मराठींत उलगडून सांगतो. हें 'म्हणजे बघा' ज्यानें ऐकलें नाहीं असा ह्या भागांतला पदवीधर मिळणें कठीण. परंतु तोच शिक्षक मुद्रणास बसला कीं अथपासून इतिपर्यंत इंग्रजी बोलूं लागतो, तेंहि पुस्तकी, कारण आतां तें 'रेकॉर्ड'वर जाणार. ज्या मुलास ह्या प्रकारापासून सर्वांत अधिक लाभ व्हावयाचा, त्याचाच आधार अशा रीतीनें काढून घेतला जातो. आम्ही येथें कोणा एकास दोष देत नाहीं. पण स्लाइडवर इंग्रजी परिभाषेचे चार शब्द ठेवून तोंडानें मराठींत समजावून सांगणारा तास हा कमी दर्जाचा, ही समजूत कोठून आली, हें संस्थाचालकांनीं स्वतःस विचारून पाहावें.

लाभ कोणता, हेंहि सांगितलें पाहिजे, नाहीं तर आमचें परीक्षण एकांगी होईल. ज्या घरांत एकच बरा फोन आहे व तो दिवसभर वडिलांच्या खिशांत असतो, तेथें ठरल्या वेळीं होणारा थेट ऑनलाइन वर्ग निरुपयोगी असतो. मुद्रित तास मात्र रात्रीं फोन घरीं आल्यावर ऐकतां येतो. कर्जत-कसाऱ्याच्या गाडींत जागा मिळाली तर तेथें ऐकतां येतो. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे तो मागें नेतां येतो. खान अकॅडमीचे संस्थापक सलमान खान (हे नट नव्हेत) आपल्या चुलत-मावस भावंडांस दुरून गणित शिकवीत. २००६ सालीं त्यांनीं तेच धडे मुद्रित करून यूट्यूबवर ठेवले, तेव्हां समोरच्या खानांपेक्षां पडद्यावरचे खान बरे, असें भावंडांनीं त्यांस कळविलें. कारण उघड आहे. एकच गोष्ट चौथ्यांदा विचारतांना लाज वाटते. चौथ्यांदा ऐकतांना वाटत नाहीं. इंग्रजी कच्चें असलेल्या मुलास ही लाजेपासूनची सुटका केवढी मोठी आहे, हें ज्यांस ती लाज कधीं वाटली नाहीं त्यांस कळणें अवघड.

लांबीविषयीं फार बोलण्याचें कारण नाहीं. वर्गांतला अट्ठेचाळीस मिनिटांचा तास ही घंटेची सोय आहे, विचाराची नव्हे. ती घंटा घरांत आणण्यांत अर्थ नाहीं. २०१४ सालीं फिलिप ग्वो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अमेरिकेंतील 'एडएक्स'वरील सुमारें ६९ लाख प्रेक्षणांच्या नोंदी तपासल्या, आणि सहा मिनिटांपलीकडे लक्ष टिकणें कठीण असा निष्कर्ष काढला. तेथले शिकणारे बहुधा हौशीनें आलेले होते आणि आमचीं मुलें परीक्षेच्या धाकानें ऐकतात, म्हणून तो आंकडा जसाच्या तसा घेऊं नये. धाकानें मनुष्य चाळीस मिनिटें बसतो, पण दीडपट वेग लावून बसतो. त्याच अभ्यासांत असेंहि आढळलें कीं, नुसत्या स्लाइड्सपेक्षां मधून मधून शिक्षकाचा चेहरा दिसणारे तास अधिक पाहिले जातात. हें मात्र आम्हांस सर्वत्र खरें वाटतें. पटवर्धनांच्या खेळांत बोलणारा मनुष्य प्रेक्षकांबरोबर त्याच जागीं असे.

कारागिरीच्या दोनचार बाबी सांगून टाकतों, कारण त्यांच्यापायीं चांगले तासहि फुकट गेलेले आम्हीं पाहिले. चित्र अंधुक असलें तर ऐकणारा सोसतो; आवाज घुमला तर सोसत नाहीं. तेव्हां पहिला खर्च साध्या कॉलरच्या माइकवर करावा. पॉवरपॉइंटमध्यें प्रत्येक स्लाइडचा आवाज निराळा साठविला जातो, म्हणून एक वाक्य चुकलें तर तेवढीच स्लाइड पुन्हा बोलावी, सारा तास नव्हे. मात्र स्लाइड बदलत असतां बोललेले शब्द मुद्रणांत येत नाहींत, आणि कित्येक तासांत वाक्यांचीं शेपटें तुटलेलीं ऐकूं येतात तीं ह्यामुळें. स्लाइड तयार झाली कीं ती आपल्या फोनवर हातभर अंतरावरून पाहावी. ऐकणारा ती तशीच पाहणार आहे. आणि 'समजलं का?' असें विचारून तीन सेकंद गप्प बसण्याची वर्गांतली संवय येथें सोडावी. रिकाम्या खोलींत विचारलेला तो प्रश्न ऐकतांना अंगावर कांटा येतो.

आतां राहिला मालकीचा प्रश्न, आणि तो आम्हांस सर्वांत गंभीर वाटतो. आमच्या महाविद्यालयांतून कितीतरी शिक्षक तासिका तत्त्वावर काम करतात. जितके तास घ्यावे तितक्यांचें मानधन मिळावें, असा तो करार. मुद्रित तास एकदां तयार झाला कीं तो तासिकेवांचून चालतो. शिक्षक पुढल्या वर्षीं त्या संस्थेंत नसला तरी त्याचा आवाज तेथें शिकवीत राहूं शकतो. पुस्तकाच्या बाबतींत हा पेंच आम्हीं केव्हांच सोडविला आहे. लेखकाचें नांव, प्रकाशकाशीं करार, आवृत्तीगणिक मानधन. मुद्रित तासास पुस्तकाचें टिकाऊपण मिळालें, पण लेखकाचे हक्क मिळाले नाहींत. शिक्षकांनीं तास मुद्रित करून देण्यापूर्वीं, तो किती वर्षें, कोणास व कोणत्या मोबदल्यावर दाखविला जाईल, हें लेखी मागून घ्यावें. मागणें अपमानाचें वाटूं नये. कवीहि आपल्या संग्रहाविषयीं हेंच विचारतात.

पुस्तकाची आणखी एक सोय ह्या प्रकारानें उचललेली नाहीं. पुस्तकावर आवृत्ति व साल असतें. मुद्रित तासावर बहुधा कांहींच नसतें. मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नव्या शैक्षणिक धोरणाचे अभ्यासक्रम आले. तरी २०२० सालचे तास अजून एका फोनवरून दुसऱ्यावर जात आहेत. वस्तु व सेवा कराचे ५, १२, १८ व २८ टक्के असे चार दर ठामपणें शिकविणारा एक तास अलीकडेच आमच्या ऐकण्यांत आला. शिकवितेवेळीं तो बरोबर होता आणि सांगण्याची धाटणीहि उत्तम होती. परंतु २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ व २८ टक्क्यांचे टप्पे काढण्यांत येऊन बहुतेक वस्तु ५ व १८ टक्क्यांत आल्या, आणि निवडक वस्तूंस ४० टक्के लागला. ऐकणाऱ्या मुलास हें कळावयास मार्ग नाहीं. पहिल्या स्लाइडवर बोधचिन्हाखालीं जागा पुष्कळ असते. तेथें तास मुद्रित केल्याचा महिना व वर्ष घालावें, आणि नियम बदलला कीं तेवढी स्लाइड पुन्हा बोलून घ्यावी.